ड्राफ्टचा निकाल लावायला बसताय? आधी हे वाचा

पावसाळा लागला, शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल थांबला आणि राजाराम बंधारा पाण्याखाली गेला की आमच्या कोल्हापूरच्या कट्ट्यावर क्रिकेटचा ड्राफ्ट निघतो, म्हणजे पाळीपाळीने खेळाडू उचलून वहीत संघ बांधायचा खेळ. सहा जण, प्रत्येकी अकरा खेळाडू. १८७७ पासून आजपर्यंत कसोटी खेळलेला जगातला कोणताही गडी चालतो, पण एकाने उचलला की दुसऱ्याला तो मिळत नाही. पैसे नाहीत, अ‍ॅप नाही. सहाही संघ वहीत उतरले की न खेळलेला सातवा माणूस परीक्षक म्हणून बसतो आणि पहिल्यापासून सहाव्यापर्यंत नंबर लावतो. सहावा आलेला सगळ्यांना मिसळ घालतो, कट आणि पाव हवा तेवढा.

हा सातवा माणूस गेली काही वर्षं मी आहे. पहिल्या वर्षी मी खेळलोही होतो आणि परीक्षणही मीच लिहिलं होतं. माझाच संघ पहिला आला. पुढचे आठ दिवस कट्ट्यावर मला कुणी चहा विचारला नाही. तेव्हा सुरुवातीची अट हीच: ज्याचा संघ आहे त्याने निकाल लावायचा नाही. माणसं कमी असतील आणि इलाजच नसेल, तर आपला संघ सोडून बाकीचे तपासा आणि आपला दुसऱ्याच्या हातात द्या.

आधी नियमांचा कागद मागा

नवखा परीक्षक थेट संघ वाचायला घेतो. तसं करू नका. ड्राफ्ट सुरू होताना काय ठरलं होतं ते आधी विचारा, आणि सहाही जणांना वेगवेगळं विचारा, कारण उत्तरं वेगवेगळी येतात. खेळाडू पूर्ण कारकिर्दीचा धरायचा की त्याच्या ऐन भरातला? किमान किती कसोट्या हव्यात? सध्या खेळणारे चालतात का? सामने कुठल्या खेळपट्टीवर होणार?

किमान कसोट्यांचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण भांडण तिथेच पेटतं. दक्षिण आफ्रिकेचा बॅरी रिचर्ड्स ४ कसोट्या खेळला, ७२.५७ च्या सरासरीने ५०८ धावा केल्या आणि १९७० नंतर त्याच्या देशावर बंदी आली. चार कसोट्यांवर त्याला गावसकरच्या मांडीला मांडी लावून बसवायचं का? आमच्यात आता किमान २० कसोट्यांची अट आहे. त्यामुळे २३ कसोट्यांत ६०.९७ ची सरासरी असलेला ग्रॅम पोलॉक बसतो, बॅरी रिचर्ड्स बाहेर राहतो. हे न्याय्य आहे असं माझं म्हणणं नाही. पण अट आधी ठरलेली असली की परीक्षकाच्या डोक्याचा ताप वाचतो.

कोल्हापुरात ड्राफ्ट असला की अजून एक नाव दरवर्षी निघतंच, भाऊसाहेब निंबाळकर. जन्म इथलाच. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ च्या विक्रमाला ९ धावा कमी असताना समोरच्या कप्तानाने पुढे खेळायलाच नकार दिला. असा माणूस भारताकडून एकही कसोटी खेळला नाही. त्यामुळे ड्राफ्टमध्ये त्यांना घेता येत नाही. कुणी घेतलंच तर भरल्या गळ्याने खोडायचं. मी एकदा खोडलंय.

मग निवडीचा क्रम मांडा, संघ नंतर

माझं सगळं म्हणणं या एका पायरीत आहे. तयार अकरा जण बघून निकाल लावू नका. कोण, कितव्या नंबरला आणि समोर काय काय शिल्लक असताना उचलला, ते बघा. तयार संघ सगळेच भारी दिसतात. जगातले ६६ कसोटीवीर सहा जणांत वाटले तर वाईट संघ येणार कुठून?

मित्रामित्रांच्या ड्राफ्टमध्ये पाळी नागमोडी फिरते. पहिल्या फेरीत एक ते सहा, दुसरीत उलटं, सहा ते एक. म्हणजे पहिल्याला १, १२, १३, २४, २५ असे नंबर मिळतात आणि सहाव्याला ६, ७, १८, १९, ३०. पहिला ब्रॅडमन घेऊन मोकळा होतो, पण नंतर दहा गडी डोळ्यादेखत जातात. सहाव्याला हिरा मिळत नाही, जोडी मिळते.

वहीचं पान आडवं धरा, सहा रकाने पाडा आणि फेरीप्रमाणे नावं भरा. गेल्या वर्षीची सुरुवात अशी होती. एक नंबरला वकिलाने डॉन ब्रॅडमन घेतला, ५२ कसोट्या, सरासरी ९९.९४, यावर काय बोलणार. दोनला हुपरीच्या चांदीवाल्याने गॅरी सोबर्स. तीनला मास्तरांनी सुनील गावसकर. चारला शिरोलीच्या फौंड्रीवाल्याने माल्कम मार्शल. पाचला गुळाच्या अडत्याने सचिन तेंडुलकर. सहा आणि सात मेडिकलवाल्याचे, इम्रान खान आणि अ‍ॅडम गिलख्रिस्ट. आठला अडत्याने मुरलीधरन, नऊला फौंड्रीवाल्याने लारा, दहाला मास्तरांनी जॅक कॅलिस, अकराला चांदीवाल्याने शेन वॉर्न. बारा-तेरा परत वकिलाकडे: जॅक हॉब्ज आणि ग्लेन मॅकग्रा.

आता या तेरा नावांकडे बघून विचारायचं की कुठल्या दुकानात माल कमी होता. सहा संघांना बारा ओपनर लागणार. हॉब्ज, सटक्लिफ, हटन, गावसकर, ग्रीनिज, सेहवाग, हेडन, ग्रॅम स्मिथ, कुक, बॉयकॉट… बारा आरामात भरतात आणि शेवटचाही वाईट नसतो. खरे अष्टपैलू मात्र बोटांवर मोजण्याइतके. सोबर्सची बॅटिंगची सरासरी ५७.७८ आणि वर २३५ बळी. कॅलिसच्या १३,२८९ धावा आणि २९२ बळी. इम्रानचे २२.८१ च्या सरासरीने ३६२ बळी आणि बॅट हातात घेतली की ३७ ची सरासरी. चौथा कीथ मिलर. त्याच्यानंतर बोथम, कपिल, हॅडली येतात, पण ते बोलर आधी आणि बॅट्समन नंतर. बॅटने सामना जिंकून देणारे कीपरही असेच मोजके.

म्हणून मेडिकलवाल्याची सहा-सातची जोडी मला त्या रात्रीची सर्वांत शहाणी निवड वाटली. टंचाईच्या दोन दुकानांतला माल त्याने लागोपाठ उचलला. मास्तरांचा गावसकर तीनला जरा लवकर गेला, ओपनर पुढेही मिळाले असते. पण दहाव्या नंबरला कॅलिस शिल्लक राहिला आणि मास्तर तरले. हे कौशल्य नव्हे, बाकीचे झोपले होते. परीक्षणात तसंच लिहा: ‘निवड उत्तम, पण श्रेय निम्मं शेजाऱ्यांचं.’

प्रत्येक गडी आपल्या जागेवर उभा आहे का?

अडत्याचा संघ वाचताना डोळे दिपतात. तेंडुलकर, पोलॉक, व्हिव्ह रिचर्ड्स, जॉर्ज हेडली, जावेद मियाँदाद. नावं गोळा करायच्या नादात भावाने मधल्या फळीचे पाच जण घेतले आणि अकराव्या फेरीत त्याच्या लक्षात आलं की ओपनर एकच आहे. मग काय, ‘सचिन ओपनिंगला येईल की! वनडेत येत नव्हता?’

वनडेत यायचा. पण हा कसोटीचा ड्राफ्ट. १५,९२१ कसोटी धावा आणि ५१ शतकं, हा सगळा संसार चौथ्या नंबरवर उभा आहे. कसोटीत त्याने ओपनिंग जवळजवळ केलेलीच नाही. नव्या परीक्षकाची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. मोठं नाव दिसलं की तो जागा बघत नाही. प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न टाका, हा माणूस या नंबरवर कसोटीत किती खेळला? उत्तर ‘फारसा नाही’ असेल तर पान दुमडून ठेवा.

कीपरच्या जागी हाच सापळा जास्त खोल आहे. चांदीवाल्याने चौदाव्या नंबरला कुमार संगकारा घेतला आणि त्याच्या हातात ग्लोव्ह्ज दिले. कारकिर्दीची सरासरी ५७.४०, म्हणजे सोनंच. पण संगकारा १३४ पैकी फक्त ४८ कसोट्या कीपर म्हणून खेळला आणि त्यांत त्याची सरासरी ४० च्या आसपास आहे. ग्लोव्ह्ज उतरवले तेव्हा ती ६६ च्या वर गेली. म्हणजे चांदीवाल्याने पैसे मोजले ५७ चे आणि घरी आणला ४० चा माल. चांदीच्या धंद्यात हे कुणाकडून त्याने खपवून घेतलं नसतं. आणि तेव्हा झिंबाब्वेचा अँडी फ्लॉवर तिथेच पडून होता. ६३ कसोट्या, सरासरी ५१.५४, आणि कीपिंग करतानाही पन्नाशीच्या वर. तो तब्बल ३४ व्या नंबरला मास्तरांनी उचलला. संघ कमजोर होता म्हणून माणसाचं नाव कुणाच्या तोंडावर नसतं. अशी निवड दिसली की परीक्षकाने दोन ओळी जास्त लिहाव्यात. बाकीच्यांना पुढच्या वर्षी उपयोग होतो.

वीस बळी कोण घेणार, आणि शेपूट किती लांब?

कसोटी जिंकायला वीस बळी लागतात, त्यामुळे बोलिंग बॅटिंगइतकीच बारकाईने तपासा. चार पूर्णवेळ बोलर आहेत का? पाचवा कोण? दुपारी तीन वाजता, बॉल जुना, पार्टनरशिप रंगलेली, तेव्हा बॉल कुणाच्या हातात द्यायचा? सोबर्स किंवा कॅलिस असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर चारही बोलर संध्याकाळपर्यंत आडवे होतात.

मग विविधता. चारही उजव्या हाताचे फास्ट बोलर असतील तर समोरच्याला एकच अभ्यास करून भागतं. एक डावखुरा असू दे, वसीम अक्रम नाहीतर अ‍ॅलन डेव्हिडसन. डेव्हिडसनचे १८६ बळी अवघ्या २०.५३ च्या सरासरीने आले आहेत आणि आमच्याकडे तो दरवर्षी आठव्या-नवव्या फेरीपर्यंत उरतो. का, ते मला आजवर कळलेलं नाही.

खेळपट्टी ठरलेली असेल तर नाव विसरा आणि तिथला हिशेब काढा. सामने भारतात होणार असतील तर वॉर्नचे ७०८ आणि मुरलीचे ८०० बळी मोजून खूश होऊ नका. भारतात दोघांचीही सरासरी ४० च्या पलीकडे गेली आहे. त्या मैदानावर अश्विन, ५३७ बळी आणि वर सहा शतकं, हा जास्त कामाचा गडी.

शेपटाचं, म्हणजे तळाच्या कच्च्या बॅट्समनचं, वकिलाला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याचे शेवटचे तीन: मॅकग्रा, कोर्टनी वॉल्श आणि भागवत चंद्रशेखर. बोलिंग म्हणाल तर काटा किर्रर्र. पण वॉल्श कसोटीत ४३ वेळा शून्यावर बाद झालाय, तो विक्रम आहे. चंद्रशेखरने बळी घेतले २४२ आणि धावा केल्या १६७. तिघेही अकराव्या नंबरचे मालक, नववा आणि दहावा कोण होणार यावर वकिलाच्या घरात निवडणूक घ्यावी लागेल. वर ब्रॅडमन आहे म्हणून चाललं, नाहीतर मिसळ त्याच्याकडेच होती.

आकडा उघडून बघा

सरासरी हा बंद डबा आहे. ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅडम व्होग्सची कसोटी सरासरी ६१.८७, तेंडुलकरच्या ५३.७८ च्या कितीतरी वर. डबा उघडला की आत काय सापडतं? फक्त २० कसोट्या, आणि वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १३०, ३७, नाबाद २६९, नाबाद १०६. चार डाव, एकदाच बाद, त्या संघाविरुद्ध सरासरी ५४२. माणूस चांगलाच होता. पण आमच्या वीस कसोट्यांच्या अटीत तो बरोबर काठावर बसतो आणि दरवर्षी कुणीतरी ‘अरे, एकसष्ट सरासरी!’ म्हणत त्याच्यावर उडी मारतो.

जुन्या बोलरांचं याच्या उलट. इंग्लंडच्या जॉर्ज लोमनचे ११२ बळी १०.७५ च्या सरासरीने आहेत. म्हणून तो मार्शलच्या दुप्पट भारी झाला का? त्या काळी खेळपट्ट्या उघड्यावर, पाऊस पडला की बॉल वाटेल तसा उडायचा आणि सगळ्यांच्याच धावा कमी व्हायच्या. मी एक साधी युक्ती वापरतो. माणसाची तुलना त्याच्या जमान्यातल्या इतरांशी करायची, आजच्यांशी नाही. ब्रॅडमनच्या काळात दुसरा ९९ वाला कुणी नव्हता, साठच्या घरातलेही हाताच्या बोटांवर होते. सिडनी बार्न्स, २७ कसोट्यांत १८९ बळी, सरासरी १६.४३, हा सुद्धा त्याच्या काळातल्यांपेक्षा स्पष्ट उंच उभा दिसतो, म्हणून तो मला चालतो. आणि बुमराने वीसच्या आत सरासरी ठेवून २०० बळी पार केले ते आजच्या झाकलेल्या खेळपट्ट्यांवर, हेही तराजूत टाका.

भावनेच्या निवडींना मात्र आधीच एक कोपरा राखून ठेवा. मास्तर मूळचे सांगलीचे, ते दरवर्षी विजय हजारे घेतात. सांगलीकर म्हणून आम्ही टिंगल करतो. पण ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियासमोर १९४८ साली अ‍ॅडलेडला हजारेंनी एकाच कसोटीत ११६ आणि १४५ काढलेत. नवव्या फेरीत असा गडी मिळत असेल तर टिंगल कुणाची व्हायला पाहिजे?

स्लिपमध्ये कोण उभा राहणार आणि कप्तान कोण, हे दोन मिनिटांत उरकतं. द्रविड, मार्क टेलर, मार्क वॉ यांच्यापैकी एक असला की स्लिपचं काम झालं.

जोड लावा

खासबागच्या मैदानात पैलवानांची जोड लावतात तशी सहाही संघांची लावायची. ओपनरची जोडी ओपनरच्या जोडीसमोर, मधली फळी मधल्या फळीसमोर, मग कीपर, मग फास्ट, मग स्पिन, मग शेपूट. प्रत्येक कुस्तीत निकाल द्यायचा. सगळ्याच कुस्त्या बरोबरीत सोडवणारा पंच मैदानात कुणाला आवडत नाही, कट्ट्यावरही नाही. दहापैकी मार्क देऊ नका. साडेसात आणि पावणेआठ यांतला फरक समजावता समजावता रात्र जाते.

गेल्या वर्षी असंच करून मेडिकलवाला पहिला आला, मास्तर दुसरे. अडत्याची मधली फळी सगळ्यांना चितपट करत होती, पण ओपनिंग, पाचवा बोलर आणि शेपूट या तिन्ही कुस्त्या तो हरला. सहावा.

लिहिताना

दर संघाला सात-आठ ओळी पुरेत. सर्वांत चांगली निवड, सर्वांत घाईची निवड आणि एक असा गडी जो तिथेच असताना त्याने सोडला, एवढं नावानिशी लिहा. चेष्टा करा, पण निवडीची. माणसाची नको, उद्या परत त्याच कट्ट्यावर बसायचंय. वाचून दाखवताना सहाव्यापासून सुरू करा. पहिला नंबर आधी सांगितला की पुढचं कुणी ऐकत नाही.

आणि हरकतींना एक दिवस द्या. मत पटलं नाही ही हरकत नव्हे. माहिती चुकली असेल तरच वही उघडायची.

गेल्या वर्षी एकच हरकत मान्य झाली, आणि ती आणली अडत्याने. मी लिहिलं होतं, ‘गावसकरची ३४ शतकं, सगळी ओपनर म्हणून.’ अडत्या रात्री दहाला भिजत आला, छत्री दाराशी उघडीच टाकली आणि म्हणाला, “एक चौथ्या नंबरवर हाय. मद्रास, १९८३, वेस्ट इंडीज. नाबाद २३६. तुझा गावसकर चौथ्याला चालतोय, तर माझा सचिन ओपनिंगला का न्हाय चालत?”

खरं होतं. मी वहीत ३४ खोडून ३३ केलं. मास्तर तिथेच बसले होते. त्यांनी चष्मा पुसला आणि शांतपणे विचारलं, “अरे, पण त्या दिवशी सुनील आत आला तेव्हा बोर्डावर काय होतं?”

अडत्या गप्प.

“शून्यावर दोन बाद. मग तो आला कितव्या नंबरला?”

मिसळ अडत्यानेच घातली.